बंड कितव्या पानावर

गेल्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यात मी पुन्हा एकदा सगळ्यांचा मूड घालवला. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जणी जमतो, सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो आणि मग कुणीतरी आणलेला ढोकळा खातो. या वेळची कादंबरी सगळ्यांना फार आवडली होती. नायिका सोसते, सोसते, सोसते, आणि शेवटून तिसऱ्या प्रकरणात भावांनी पुढे केलेला कागद त्यांच्या तोंडावर टराटरा फाडते. बाहेर वीज कडाडते. ती कडाडायलाच हवी, त्याशिवाय कादंबरीतल्या बाईला कागद फाडता येत नाही. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं तो उतारा वाचून दाखवला आणि दोघी-तिघींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "खोटं आहे हे सगळं. असं होत नाही."

कट्ट्यातली सगळ्यात लहान मुलगी, बँकेत नोकरी करते ती, म्हणाली, "मग कसं होतं, काकू?"

अगदी साधेपणानं विचारलं तिनं. टोमणा नव्हता त्यात. मी ढोकळ्याची बशी उचलली आणि "जाऊ दे" म्हटलं. कादंबरीतला तो कागद म्हणजे हक्कसोड पत्र. बापाच्या जमिनीत मला वाटा नको, सगळं भावाला मिळो, असं बहिणीनं राजीखुशीनं लिहून द्यायचं. तसल्या कागदावर मी स्वतः सही केलेली आहे, हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर तो फाडाफाडीचा उतारा घरी वाचताना माझेही डोळे भरून आले होते. राग त्याचाच येतो.

वाचायचं वेड मला आक्कानं लावलं. आक्का माझी थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी. आमचं माहेर नाशिकहून सिन्नरकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका गावात. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर. वडील फुलबाजारातून येताना रद्दीची मासिकं आणायचे, फुलांचे पुडे बांधायला. पुडे बांधायच्या आधी आम्ही ती वाचून घ्यायचो. आक्का भरभर वाचायची आणि मला रेटून रेटून वाचायला लावायची, कारण सकाळी ते पान शेवंती गुंडाळून नाशिकला जाणार असायचं. कितीतरी गोष्टींचे शेवट आम्हाला कधी कळलेच नाहीत. मग आक्का भाजीच्या जुड्या बांधता बांधता स्वतःच शेवट रचून सांगायची, आणि ते छापलेल्यापेक्षा बरे असायचे असं मला अजूनही वाटतं.

लग्नानंतर ती सिन्नरला गेली, मी नाशिकला आले. मी इथल्या वाचनालयातून पुस्तक आणायचे, माझं झालं की कुणाबरोबर तरी तिच्याकडे पाठवायचे. त्यातून आमचा एक खेळ सुरू झाला. पहिली वीस पानं वाचून थांबायचं आणि नायिका कितव्या पानावर बंड करणार ते सांगायचं. मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक आकडा लिहायचे, ती त्याच्याखाली तिचा लिहायची. आक्का चार-पाच पानं इकडेतिकडे, नेमकं सांगायची.

"कसं जमतं गं तुला?" मी एकदा फोनवर विचारलं.

"त्यात काय जमायचं? सासू दुसऱ्यांदा चाव्या कमरेला खोचती, त्याच्या पुढं तीस पानं मोज. बाई निघालीच."

हसून हसून पुरेवाट व्हायची. कारण सगळ्याजणी एकाच शिंप्याकडे कपडे शिवल्यासारख्या असायच्या. नवरा घोरणारा. बॅग आधीच भरून ठेवलेली. उंबरठ्यावर एकदा मागे वळून बघायचं, आणि मागे बघताना मंगळसूत्राला हात गेलाच पाहिजे. मग तीन वर्षांनी तिच्या मसाल्याच्या उद्योगात वीस बायका कामाला, आणि नवरा दारात उभा, खांदे पाडून. हल्ली मोबाइलवर भागाभागानं येतात त्या गोष्टींत मसाल्याच्या जागी लॅपटॉप आला आहे, एवढाच काय तो फरक. खलनायक तर इतके उघड वाईट की त्यांच्याशी भांडायला धैर्य लागूच नये. आम्ही दोघी नावं ठेवायचो आणि पुढचं पुस्तक आणायचो. मी तर दुबळ्या नायिकांवर भारी चिडायचे. "एवढं सोसलंच का हिनं दोनशे पानं? मी असते तर दहाव्या पानावर उठले असते," असं मी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. आक्कानं त्यावर पुढचं पुस्तक कधी पाठवतेस एवढंच विचारलं होतं.

आमच्या पाठीवरचा भाऊ पुस्तकातल्यासारखा नाही, हीच सगळी अडचण आहे. त्याला मिशा आहेत, पण त्या पिळत नाही तो. माझ्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस तो दवाखान्यातल्या बाकावर बसून होता. बाजारात माल घेऊन आला की माझ्या दारात भाजीची पिशवी ठेवून जाणार, बेल न वाजवता, उगीच चहात वेळ जायला नको म्हणून. आईच्या गोळ्या त्याला तोंडपाठ आहेत. अशा माणसाला खलनायक करायचं म्हटलं तर कुठल्याही कादंबरीकाराची पंचाईत होईल.

वडील गेले, सातबाऱ्यावर आई आणि आम्हा तिघा भावंडांची नावं लागली. पुढच्या भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर आम्ही जेवायला बसलो होतो. भाऊ म्हणाला, "आक्का, ताई, ते हक्कसोडचं तेवढं दिवाळी झाल्यावर करून टाकू. नाशकात एकच दिवस जाईल."

आक्का भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं नाव राहू दे. मी नाय सही करायची."

"अगं पण आक्का, सगळ्याच करतात की."

"करतात ना. मी नाय करायची." आणि वहिनीला म्हणाली, "थोडं वरण वाढ गं."

वहिनीनं वरण वाढलं. आईनं पाण्याचा तांब्या उगीचच इकडचा तिकडे केला. मी पापड मागितला. झालं. एवढंच झालं. वीज कडाडली नाही, ताट लोटलं गेलं नाही, कुणी उंबरठा ओलांडला नाही. आक्का पोटभर जेवली आणि सगळ्यांची ताटं उचलायला लागली. आयुष्यभर मी ज्याची पानं मोजत आले ते माझ्या शेजारच्या पाटावर घडलं आणि मला ते कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, काहीतरी बिनसलंय तिचं, येईल वळणावर. शेकडो बंडं वाचून मला इतकी अक्कल आली होती.

मी तिला नंतर कारण विचारलं. माझी अपेक्षा काय होती कोण जाणे, बहुधा दीड पानाचं भाषण. तिच्या नवऱ्याची कंपनी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती, तर ते कारण असेल असंही वाटलं. ती म्हणाली, "तसलं काही नाय. मी तिथं मेथी खुरपली, फुलं तोडली. माझं नाव तिथं लागलंय. ते मी माझ्या हातानं खोडायचं नाय, बस." मला हे कारण फार किरकोळ वाटलं. पुस्तकात चाललं नसतं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. हा फोन मला शब्दन्‌ शब्द पाठ आहे. ती म्हणाली, "तू पण नको करू सही. दोघी नाय म्हटलो तर त्याला विचार करावा लागंल. चार दिवस रुसंल, मग आपण तिघं बसून बोलू. पण मी एकटीच राहिले ना, तर मी वाईट. मग माझ्याशी बोलायचीसुद्धा गरज उरायची नाय कुणाला."

मी म्हटलं, "बघते."

नाही म्हणण्याचा हा आमच्याकडचा सभ्य प्रकार. तिला तो कळला असणार, तरी तिनं फोन ठेवताना "बघ हं" म्हटलं.

ठरल्या दिवशी भाऊ गाडी घेऊन इंदिरानगरला आला. मागच्या सीटवर आई, मांडीवर डबा. माझ्यासाठी तिनं पहाटे उठून बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी करून आणली होती. मी तिच्या शेजारी बसले. द्वारका सर्कलला गाडी सिग्नलला थांबली तेव्हा आई हळूच म्हणाली, "तू तरी." माझ्या हातावर तिचा हात होता, आणि तो तिनं दस्त नोंदणीची कचेरी येईपर्यंत काढला नाही.

कचेरीत गर्दी होती. आमच्यासारखीच भाऊ-बहिणींची टोळकी. प्रत्येक टोळक्यात एक भाऊ कागद सांभाळत उभा आणि बहिणी बाकावर बसून एकमेकींच्या साड्या बघतायत. कारकून ओरडायचा, "लिहून देणार कोण? पुढं या." लिहून देणार म्हणजे बहीण, लिहून घेणार म्हणजे भाऊ. माझा फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला. साहेबांनी मान वर करून विचारलं, "दस्त वाचलात ना? मान्य आहे?" शेवंतीच्या पुड्यावरचा कागदसुद्धा न वाचता न सोडणारी मी, एक ओळ न वाचता "वाचला" म्हणाले. आणि सही केली. दहाव्या पानावर उठणारी ती मीच.

मला कुणी धाक घातला नव्हता. मला माहेर हवं होतं, बाकी काही नाही. दारातली भाजीची पिशवी, भाऊबीज, आईचा तो हात. जमिनीचा तुकडा घेऊन हे सगळं घालवायची माझी छाती नव्हती. आक्कानं दुसऱ्या टोकाला हे सगळं पणाला लावलं होतं आणि ती एकटी पडणार होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी केली.

सही झाल्यावर आम्ही मिसळ खाल्ली. मग रिवाजाप्रमाणे भाऊ साडीच्या दुकानात घेऊन गेला. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भाऊ साडीचोळी करतो, तसं आमच्यात आहे. माझी मोरपंखी पसंत करून झाली तेव्हा तो म्हणाला, "आक्काला पण घेऊ एक. तिनं नाय केली सही तर नाय केली. राग धरून काय करायचं? तू नेऊन दे." मनापासून म्हणाला तो. आणि मला, माझ्या मेंदूला काय झालं होतं देव जाणे, मला वाटलं, वा, मिटलं की सगळं! मी उत्साहानं तिच्यासाठी जांभळी निवडली, तिला जांभळा आवडतो म्हणून. आणि दोन दिवसांनी एसटीनं सिन्नरला गेले. सही केल्याचं मी तिला फोनवर सांगितलं नव्हतं. समोर बसून सांगू म्हटलं.

आक्का वरच्या मजल्यावर राहते. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग पिशवीतून साडी काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, "भाऊनं पाठवलीय."

तिनं घडी उलगडली नाही. पदराच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवला. मग विचारलं, "तुला कोणत्या रंगाची घेतली?"

"मोरपंखी," मी म्हटलं.

सांगायचं होतं ते असं सांगून झालं. ती "छान" म्हणाली. चहा गाळून आणला. मी निघाले तेव्हा हळदीकुंकू लावलं, मला पाटावर बसवलं आणि माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि तीच जांभळी साडी. मी वाकून नमस्कार केला, तशी म्हणाली, "सांभाळून जा, उन्हं कललीत." कादंबरीत तिनं ती साडी माझ्या अंगावर भिरकावली असती, आणि मग मला भांडता तरी आलं असतं. ओटीत आलेलं परत देता येत नाही. मी ते ओझं घेऊन जिना उतरले.

पुढची दोन वर्षं कुठल्याच पुस्तकात नाहीत. आक्का कोर्टात गेली नाही. तिनं उद्योग काढला नाही, ती कुणासाठी उदाहरण झाली नाही. भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिच्याकडे गावातल्या एका माणसाच्या हाती गेली. ती हळदीला आली, तर हळद लावायला तिला कुणी पुढं बोलावलं नाही, आणि मागंही सारलं नाही. शेजारणींत बसून जेवून गेली. मी तिला दोनदा पुस्तकं पाठवली. ती तशीच, मीच बांधलेल्या दोरीसकट परत आली. फोनवर म्हणाली, "डोळे दुखतात गं हल्ली." त्यानंतर मी वाचनालयातून पुस्तक आणते आणि एकटीच वाचते, आणि त्या सगळ्या शूर बायकांचा मला इतका संताप येतो की कधी कधी पुस्तक अर्ध्यावर आपटते. या लेखकांना कुणीतरी विचारा, नायिकेच्या बहिणीचं काय केलंत तुम्ही? ती कुठल्या पानावर आहे?

मग आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. आक्का दर आठवड्याला सिन्नरहून यायची. भाऊ तिला अडवत नव्हता, फक्त ती आली की मळ्यात निघून जायचा. आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपायची. आक्कानं पाय चेपले तर चेपू द्यायची, पण कूस बदलायची नाही. चार महिने आक्का आईच्या पाठीशी बोलत राहिली. पाचव्या महिन्यात तिनं भावाला फोन केला आणि म्हणाली, "कागद तयार कर."

भावाचा मला फोन आला. "ताई, आक्काची ओळख द्यायला दोन माणसं लागतात कचेरीत. एक माझा मित्र हाय. दुसरी तू ये, म्हणजे तिलापण बरं वाटंल." याही वेळेला मनापासून म्हणाला. आणि मी गेले. तेच बाक, तोच कारकून. आक्कानं सांगितल्या ठिकाणी अंगठा ठेवला, सांगितल्या ठिकाणी सही केली. तिच्या सहीखाली मी माझी केली, की ही बाई तीच आहे, मी हिला व्यक्तिशः ओळखते.

भाऊ गाडीनं सोडतो म्हणाला, साडीचंही म्हणाला. आक्का दोन्हीला नको म्हणाली, पण चिडून नाही. त्याच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. मी तिच्याबरोबर रिक्षानं बसस्टँडवर गेले. बाकावर बसलो. मला रडू येत होतं, आणि माझ्या डोक्यात आलं ते मी बोलून टाकलं, "आक्का, मी तेव्हा सही करायला नको होती."

ती म्हणाली, "सहीचं काय नाय गं. आई शेजारी बसल्यावर कोण नाय म्हणंल? तू करशील असं मला वाटतच होतं. पण तू त्या दिवशी सिन्नरला आली ना, मी गॅलरीत होते. रस्ता ओलांडताना दिसली तू, हातात पिशवी. मला वाटलं, हिनं नाय केली. नाय करून सरळ माझ्याकडं आली. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारणीला हाक मारून सांगितलं, माझी बहीण आली, आता आम्ही दोघी हाय. मग तू जिना चढून आली."

सिन्नरची गाडी लागली. लोक उठले. आक्कानं माझ्या हातातली तिची पिशवी घेतली.

"ती शेजारीण अजून विचारती," ती म्हणाली, "बहीण कशी हाय म्हणून."

"मग तू काय सांगतेस?"

"बरी हाय म्हणते," आक्का म्हणाली आणि गाडीत चढली.